इंजिनाचा खांदा

खदानीतलं कोणतंही यंत्र मी त्याच्या जखमेवरून ओळखतो. पट्ट्याचं यंत्र बोट नेतं, कोळशाची टबगाडी पाय नेते, पंप काही नेत नाही पण मनगट मुरगळून ठेवतो. राजूरच्या खदानीच्या दवाखान्यात मी कंपौंडर होतो. डॉक्टर वणीहून कधीमधी यायचे, एरवी डॉक्टर म्हणजे मीच, वामनराव. नवं यंत्र आलं की लोक नारळ फोडायचे आणि मी पट्ट्यांचा गठ्ठा कपाटात पुढं आणून ठेवायचो. उकंडाचं इंजिन पहिल्यांदा गल्लीतून चाललं तेव्हा कामगारांच्या खोल्यांची सगळी लाइन टाळ्या पिटत होती, आणि मी त्याच्यापुढे चालणाऱ्या पोरीच्या पायांकडे पाहत होतो. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते कंपौंडरच्याही स्वभावाला नाही.

उकंडा वर्कशॉपात फिटर. दवाखान्याला लागून बौद्ध मंडळींची वस्ती होती, एका रांगेतल्या खोल्या, त्यातली पहिलीच खोली त्याची. हाताचा कसबी आणि तोंडाचा फाटका. “म्या आवळलेला नट देव आला तरी सुटनार नाही,” असं तो पूर्वी म्हणायचा. छप्पन्नला दीक्षा घेतल्यावर त्यानं त्यात दुरुस्ती केली: “देव नाहीच म्हना, पन असता तरी सुटला नसता.” त्याची बायको सत्यभामा कमी बोलणारी. नलू त्यांची एकुलती मुलगी, तिसरी-चौथीत असेल. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून सत्यभामा या पोरीला वारा लागू देत नसे.

ते इंजिन मूळचं एका गोऱ्या साहेबाचं. साहेबानं बंगल्याच्या आवारात आपल्या पोरांसाठी छोटे रूळ टाकले होते आणि त्यांवर ते पळायचं. विलायतेला परत जाताना मोडकं इंजिन तो उकंडाला देऊन गेला. खेळणं म्हणावं तर वजन पोसलेल्या बोकडाएवढं. तांब्याचा बॉयलर, आत खरा विस्तव, खरं पाणी, खरी वाफ. उकंडानं ते दुरुस्त केलं, पण तोवर रूळ भंगारात गेले होते. त्यामुळे घरात आधी जिथं देव होते त्या कोपऱ्यात, पाटावर, ते नुसतं बसून असायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला उकंडा ते पुसून पुसून दाखवायचा.

साठ सालचा पावसाळा वाईट गेला. गुरांवर घटसर्प आला. सकाळी चारा खाणारं जनावर संध्याकाळी पाय झाडायचं. दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. योग्यच केलं, पण गावानं डूख धरला होता. ढोरं नाल्याच्या काठी पडून राहायची आणि वारा तिकडून आला की दवाखान्यातसुद्धा जेवण जायचं नाही. गावात लोक म्हणायचे, देव सोडले यांनी आणि भोगतात आमचे बैल. चुन्याची गाडी हाकणारा फकिरा, त्याच्या जोडीतला एक बैल पोळ्याच्या आठवड्यातच गेला. तो तर वस्तीवरून जाताना थुंकून जायचा.

अशात नलूनं विषय काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोरांचा. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याच्या गळ्यात दोरी, दोरी पोराच्या हातात. सगळी पोरं आपापले बैल ओढत तोरणाखालून जातात, आणि ज्याचा बैल चांगला सजला त्याला मास्तर बक्षीस देतात. शाळेत सगळ्यांकडे बैल होते. नलूकडे नव्हता.

“बाबा, मले बी बैल पायजे.”

“आपन बैल पुजत नाही आता, बेटा.”

“पूजा कोन करते? नुसता ओढीन.”

बोलण्यात अडला की उकंडा हातात पाना घ्यायचा. त्यानं कोपऱ्यातल्या इंजिनाकडे पाना रोखला. “हे घेऊन जाय. हे कोनाचा देव नाही. मानसाच्या अकलेचं हाय.”

उकंडाचा चुलतभाऊ डोमाजी वस्तीतल्या तरुणांचा पुढारी होता. त्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. “दादा, तोरनाखाली आपन जात नाही असं ठरलं हाय.” मग इंजिन नीट पाहिलं आणि आठ्या गेल्या. “पन हे न्या. न्याच! पाहू दे त्यायले, बैलाबिगर काय काय चालते ते.” झालं. पोरीचा हट्ट होता तो वस्तीचा हट्ट झाला, आणि असा हट्ट मागं घेता येत नाही.

सत्यभामा चुलीपाशी ऐकत होती. “पोर पुढं अन् विस्तव मागं. काही झालं तं?”

“माया हाताचं काम हाय. माया हाताचं काम कधी दगा देत नाही.”

पोरीच्या जिवाला तेवढी एक हमी होती. मला ती पुरेशी वाटली नाही.

वर्कशॉपात पाळी सुटल्यावर काम सुरू झालं. लेथवर लालसिंग, जवळच्या तांड्यातला, उकंडाचा जिगरी दोस्त. रुळावरच्या चाकाला आतून कड असते, ती रूळ धरून ठेवते. वर्कशॉपात तिला चाकाचा कान म्हणत. गल्लीत रूळ कुठले? कान मातीत रुतायचे. लालसिंगनं सहाही चाकं लेथवर चढवून कान उतरवले आणि चाकं सपाट केली.

“उकंड्या, कान कापलेलं जनावर आयकत नाही बरं,” तो म्हणाला.

“तू काप. आयकवाचं मायाकडं लागलं.”

दुसरी भानगड दांड्यांची. तिन्ही जोड्यांची चाकं बाहेरून लोखंडी दांड्यानं बांधलेली होती, एक फिरलं की सगळी फिरायची. रुळावर हे ठीक, तिथं सगळी एका पातळीत. गल्लीत एक चाक दगडावर चढलं की दांडा ताठायचा आणि अख्खं इंजिन आखडून बसायचं. उकंडानं पुढच्या जोडीचा दांडा सोडवला. बाकीच्या चाकांवर पंपाच्या जुन्या स्प्रिंगा बसवल्या, म्हणजे दगड आला तर चाक वर सरकेल. पुढची जोडी त्यानं एका खिळीवर अशी टांगली की दोरी ज्या बाजूला ओढावी त्या बाजूला ती वळावी. दोरी नलूच्या हातात. बैल जसा दोरीमागं येतो तसं इंजिन पोरीमागं यायचं. ती डावीकडे गेली की डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. ते पाहून लालसिंगनं मांडीवर थाप मारली.

सगळं छान जमलं, आणि छान जमलं हेच वाईट झालं. आखडणारं इंजिन निदान जागेवर थांबत तरी होतं. आता ते इतकं मोकळं झालं की वाफ बंद केली तरी उताराला आपसूक निघायचं. आमच्या लाइनीकडून शाळेच्या मैदानाकडे जाणारी गल्ली म्हणजे सगळा उतार. चुन्याच्या गाड्यांचे बैलही तिथं मागं रेटा देत उतरायचे.

मी उकंडाला म्हटलं, “लाकडाचा बैल मागून आला तर पोरीच्या टाचेला लागेल. हे मागून आलं तर?”

“ब्रेक लावून राह्यलो ना, कंपौंडरसायेब. दम धरा.”

आणि त्यानं ब्रेक लावला. मागच्या दोन चाकांवर एक आडवी पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना खाली बाभळीचा एकेक ठोकळा. मागून दुसरी दोरी ओढली की ठोकळे चाकांच्या माथ्यावर घट्ट बसायचे. ती दोरी उकंडाच्या हातात राहणार होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं उतारावर इंजिन सोडलं, नलू पुढं चालली, त्यानं दोरी ओढली आणि इंजिन जागच्या जागी गप्प. तेव्हाच्या त्या टाळ्या.

“घ्या,” उकंडा मला म्हणाला, “आता तुमच्या पट्ट्या ठेवा कपाटात.”

मीही हसलो. खरं सांगायचं तर माझाही जीव भांड्यात पडला होता. ब्रेक उत्तम होता.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी उकंडा दुसऱ्या पाळीला गेला. गावात तोरणापाशी डफडी वाजत होती, पण त्यांना जोर नव्हता. बैल कमी, आणि फकिरा तर एकच बैल घेऊन आला होता, दुसऱ्याची झूल हातात. नलू शेजारच्या पोरींबरोबर खेळत होती. घरी सत्यभामा एकटी. पुढचं तिनं मला स्वतः सांगितलं म्हणून मला माहीत.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जू टेकून टेकून घट्टा पडलेली ती जागा. तिला हळद आणि लोणी चोळतात आणि बैलाला म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सत्यभामेचा बाप सालदार होता. मालकाच्या बैलांचे खांदे लहानपणी तीच चोळायची. देव तिनं वाहत्या पाण्यात सोडले होते आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. “मायी दोन लेकरं गेली तवा कुठं गेलते ते?” असं ती विचारायची. पण उद्या जे आपल्या पोरीमागं वजन घेऊन चालणार, त्याचा खांदा कोरडाच? ते तिला बघवेना.

“हे काही देवाचं नाही, कंपौंडरसायेब,” ती मला म्हणाली. “जो ओढते त्याच्या खांद्याले लोनी लावाचं. हे तं दवा झालं. तुमी नाही लावत काय?”

वस्तीत दुभतं नव्हतं. लालसिंगची बायको सुखीबाई हिच्याकडे म्हैस होती. तिच्याकडून सत्यभामेनं लोण्याचा गोळा आणला, त्यात हळद कालवली आणि इंजिनापुढे बसली. आता इंजिनाचा खांदा कुठं शोधायचा? तिनं ते सगळीकडून पाहिलं. बॉयलर म्हणजे पोट. धुराडं म्हणजे शिंग. मागं गेली आणि तिला ते दिसलं. दोन चाकांच्या मानेवर एक आडवी पट्टी, दोन्ही टोकांना लाकूड. ती कास्तकाराच्या अंगणात वाढलेली बाई. जोडीच्या मानेवरचं जू तिला कोणी शिकवायला नको होतं.

तिनं पट्टी वर उचलली. खालच्या चाकांना लोणी चोळलं, ठोकळ्यांच्या बुडाला चोळलं, जिथं लाकूड घासेल तिथं जास्त. ठोकळे ताजे होते, कोरडे होते, पिऊन टाकत होते. नवऱ्याला पिवळं दिसलं तर तो आरडाओरडा करील म्हणून तिनं ते बोटांनी पार मुरवलं, वरचं पदरानं पुसलं, आणि हळूच म्हणाली, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. “तवा मले लय हलकं वाटलं,” असं तिनं मला सांगितलं. मला तिचा राग येत नाही. तेव्हाही आला नाही. पण दुसऱ्या दिवशी नलूच्या मागं काय चालणार होतं ते आता तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तान्ह्या पोळ्याला दुपार कलल्यावर पोरं निघाली. उकंडानं धुतलेला सदरा घातला होता. बॉयलरखाली कोळसा पेटवून, पाणी उकळवून, नलूच्या हातात पुढची दोरी दिली. वाफ सोडली तर मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि इंजिन हललं नाही. पोरं हसली. उकंडानं चाकांखाली मूठभर रेती टाकली, तेव्हा ते निघालं. चाकं का घसरली हे त्यानं पाहायला हवं होतं. ब्रेक पुन्हा एकदा ओढून पाहायला हवा होता. पण एकदा पाहिलेलं आपलं काम पुन्हा पाहणं म्हणजे त्याला अपमान वाटायचा.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं. वस्तीची माणसं एकीकडे, डोमाजी सगळ्यांत पुढं, छाती काढून. गावातली दुसरीकडे. इंजिन भकभक करत आलं तशी बोलणी थांबली. एक म्हातारी म्हणाली, “बैलाच्या सनाले आग घेऊन आले, बाप्पा!” कोणी तिला गप्प केलं नाही. उताराच्या तोंडाशी उकंडा पाणी पाहायला थांबला तेव्हा पाचसात जण इंजिनाभोवती वाकले. त्यात फकिराही होता. गाडीवान माणूस, चाकाला ब्रेक दिसला की हात जाणारच. त्यानं ठोकळ्याला बोट लावून पाहिलं, काही न बोलता मागं सरला आणि हात धोतराला पुसला.

मी नलूकडे पाहत होतो. तिनं दोरी मनगटाला गुंडाळून घेतली होती. सगळी पोरं तसंच करतात. मी हाक मारली, “नलू, दोरी नुसती हातात धर.” तोरणापाशी वाजणाऱ्या डफड्यांत तिला ऐकू गेलं नसावं.

उतार सुरू झाला. पुढं तोरणापाशी लहान पोरांची रांग अडली. कोणाचा तरी बैल उलथला होता आणि पोरगं भोकाड पसरून बसलं होतं. उकंडानं वाफ बंद केली आणि ब्रेकची दोरी ओढली. ठोकळे चाकांवर बसले. चाकं त्यांच्याखालून फिरतच राहिली.

त्याला ते पटलंच नाही. तो इंजिनाकडे नाही, हातातल्या दोरीकडे बघत राहिला. आणखी ओढली. पायांनी जमिनीत रेटा देऊन ओढली. गरम झालेल्या लोण्याचा आणि हळदीचा वास आला, कढईत फोडणी टाकावी तसा. इंजिन सुटलं.

“नलू! बाजूले हो!”

ती वळली, तिनं पाहिलं आणि डावीकडे पळाली. दोरी मनगटाला होती. दोरी डावीकडे ओढली गेली, पुढची चाकं डावीकडे वळली आणि इंजिन तिच्या मागं आलं. ती किंचाळून उजवीकडे पळाली. ते उजवीकडे आलं. बापानंच त्याला तसं शिकवलं होतं. पोर जिकडे जाईल तिकडे जायचं, दुसरं त्याला काही येत नव्हतं. दोरी सोडवायला ती मनगट झटकत होती आणि प्रत्येक झटक्याबरोबर ते तोंड तिच्याकडे वळवत होतं. पुढं तोरणाखाली लहान पोरं, हातात लाकडी बैल, तोंडं उघडी.

उकंडा ब्रेकची दोरी टाकून धावला. धरायला त्या इंजिनाला दुसरी जागाच नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी बॉयलरला मिठी मारली आणि ते कुशीवर पाडलं. तो ओरडला तो आवाज मी खदानीत बऱ्याचदा ऐकलाय. वाफ फुसफुसत गेली, निखारे चुन्याच्या धुळीत सांडले. नलूच्या मनगटाची साल निघाली होती, गुडघे फुटले होते. एवढंच. एवढंच म्हणताना आजही माझे हात जोडले जातात, कोणाला ते मला सांगता येत नाही.

दवाखान्यात मी उकंडाचे तळवे धुतले. त्यांचं वर्णन करत नाही. उजवी मूठ पुन्हा मिटेल असं मला वाटत नव्हतं, पण ते मी बोललो नाही. त्याला हाताचं भानच नव्हतं. “ठोकळा घसरला कसा? बाभूळ होती. खरबरीत होती. काल बसला, आज काहून नाही बसला?” हेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. सत्यभामा दाराशी उभी होती, नलूला बाहेर सुखीबाईपाशी बसवून.

बाहेर गलका वाढला. डोमाजीनं इंजिनाचा ठोकळा उपटून आणला होता. त्याचा आवाज खिडकीतून आत येत होता.

“हुंगा! लोनी हाय हे, लोनी! वस्तीत कोनाच्या घरी दुभतं हाय? गावातून आलं हे. फकिरा चाकापाशी वाकलता, साऱ्यायनं पाह्यलं. हात पुसलता त्यानं धोतराले!”

मी खिडकीतून पाहिलं. वस्तीच्या पोरांच्या हातात लाठ्या होत्या. समोर गावातले लोक, गाड्यांच्या कडेच्या लाकडी उभाऱ्या उपसून आणलेल्या, आणि मधोमध फकिरा, पांढराफटक. तो म्हणत होता, “म्या नुसतं पाह्यलं, बैलाची आन,” आणि कोणी ऐकत नव्हतं. कोणाच्या मनात दीक्षेपासूनचं होतं, कोणाच्या मनात नाल्याकाठची ढोरं होती. आज एकाचं डोकं फुटलं असतं तर रात्री वस्ती पेटली असती. माझ्या कपाटात तेवढ्या पट्ट्या नव्हत्या.

सत्यभामेनं दार आतून लोटलं. “फकिरानं नाही,” ती म्हणाली. “म्या लावलं.”

उकंडानं झटकन मान वर केली.

“काल सांजी. खांदा म्हनून. मले वाटलं जू हाय ते.” तिनं हवेत आडवी रेघ काढली, दोन टोकांना दोन बोटं टेकवली. “इथी अन् इथी.”

त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. मी पट्टी गुंडाळत होतो. शेवटी तो म्हणाला, “जूच दिसते ते. म्या बनवलं तवा मायाच ध्यानात नाही आलं.”

“मी बाहीर जाऊन सांगते,” ती म्हणाली. “मायामुळं कोनाचा जीव नको जायले.”

“अन् काय सांगशील? हळद लावली, आवतन देल्लं? डोमाजी म्हनल, वैनीनं दीक्षा मोडली. गाव म्हनल, पाहा, यायच्या घरातून देव गेलेच नाही. जल्मभर दोन्हीकून खाशील.” तो उठला. “तू बस इथंच.”

“तुमी काय सांगान?”

तो कोपरानं दार ढकलून बाहेर गेला. मी मागं गेलो, ती माझ्या मागं.

“ठेवा त्या लाठ्या,” उकंडा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण पट्ट्या बांधलेले दोन हात पाहून लोक आपोआप गप्प झाले. “फकिरानं काही नाही केलं. लोनी म्या लावलं.”

“तुनं?” डोमाजी म्हणाला.

“चाकं कुरकुरत होते. ओंगन म्हनून लावलं. हात फिरला तसा ठोकळ्यायले बी लागलं.”

“दादा, ब्रेकले? तू? ब्रेकले लोनी?”

“हो. ब्रेकले.”

लालसिंग पुढं आला. उकंडाच्या हातचं काम त्याच्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं. “झूट बोलून राह्यला हा—” त्यानं सुरुवात केली, आणि सुखीबाईनं त्याचा दंड धरला. लोणी कोणी नेलं ते तिला माहीत होतं. तो बायकोकडे, मग सत्यभामेकडे पाहून थांबला आणि खाली बघू लागला.

पहिलं हसू गावाच्या बाजूनं आलं. कोणी म्हातारा म्हणाला, “फिटरनं ब्रेकले लोनी लावलं, रे बाप्पा! उद्या चुलीत पानी ओतन!” मग एक हसला, मग दहा. वर्कशॉपातली वस्तीची पोरंही हसली, त्यांना आवरेना. काल आलेला हेल्परसुद्धा ब्रेकला तेल लावत नाही. “देव आला तरी सुटनार नाही म्हने!” कोणी नक्कल केली. उभाऱ्या खाली आल्या. लाठ्या जमिनीला टेकल्या. फकिरा डोळे पुसत हसत होता, सुटल्याचं हसू. डोमाजीनं ठोकळा लांब भिरकावला आणि तोही तोंड वळवून हसला. उकंडा मान डोलवत होता, चुकलं बाप्पा, चुकलं, असं सगळ्यांना म्हणत होता. या माणसानं उभ्या आयुष्यात चुकलं हा शब्द तोंडातून काढला नव्हता. मला तिथं उभं राहवत नव्हतं.

नलू हसली नाही. ती गर्दीतून वाट काढत बापासमोर आली.

“बाबा, तुमीच लावलं?”

“हो, बेटा.”

“मी पुढं चालनार, हे तुमाले मालूम होतं?”

“होतं.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं बांधलेला हात तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला, तशी ती मागं सरली, पळत आईकडे गेली आणि तिच्या पदराआड लपली. सत्यभामेनं तिला पोटाशी धरलं, दुसरं काय करणार होती? आणि उकंडा तसाच लोकांमध्ये उभा राहून हसत राहिला.